नव्या पाटीचा हिशेब



वसंतातील व्याख्यानांना भारदस्त विषय घ्यावा असा आपल्याकडे प्रघात आहे. संतवाङ्मय, राज्यघटना, शेतीचे अर्थकारण हे विषय या व्यासपीठाला शोभतात. त्यांच्या पंक्तीला मी आज दुकानातली एक वस्तू आणून बसवीत आहे. टॅबलेट घरात घ्यावा की घेऊ नये, एवढाच माझा प्रश्न आहे. अंबाजोगाई हे वैद्यकीय महाविद्यालयाचे गाव असल्यामुळे टॅबलेट म्हटले की येथे प्रथम औषधाची गोळी आठवते. मी बोलणार आहे तो काचेचा टॅबलेट. मुले त्याला ‘टॅब’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा एक अर्थ पाटी असाही आहे, आणि ही वस्तू खरोखरच एक पाटी आहे.

हा विषय किरकोळ आहे असे कोणाला वाटेल. पण आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांत रोख पैसा वर्षातून एकदाच येतो. कापूस विकला, मोंढ्यावर सोयाबीन घातले, किंवा मुकादमाकडून उचल मिळाली, की घरात काही दिवस नोटा दिसतात. त्या नोटांतून पंधरा-वीस हजारांची एक वस्तू घ्यायची, म्हणजे दुसरे काहीतरी वर्षभर पुढे ढकलायचे. श्रीमंताला जी हौस असते ती सामान्य माणसाला एका हंगामाचा निर्णय असते. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार केला पाहिजे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. १९७२ साली अॅलन के या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक निबंध लिहून मुलांसाठी वहीसारख्या, काखेत मारून नेता येईल अशा संगणकाची कल्पना मांडली. त्याच्या मते मुलाने त्यावर चित्र काढावे, संगीत रचावे, स्वतःचे प्रयोग करावेत. त्या काळी असे यंत्र बनविणे शक्य नव्हते. पुढे अडतीस वर्षांनी, जानेवारी २०१० मध्ये, अॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड जगापुढे ठेवला. त्या वेळी त्यांनी स्वतःच असा प्रश्न घातला होता की फोन आणि मांडीवरचा संगणक या दोहोंच्या मध्ये तिसऱ्या वस्तूला जागा आहे काय? आणि स्वतःच उत्तर दिले की काही कामे या दोन्हींपेक्षा तिला अधिक चांगली करता आली, तरच जागा आहे. विक्रेत्याच्या तोंडचा असला, तरी हा निकष आपण घेण्यासारखा आहे.

अशी कामे कोणती? पहिले काम वाचनाचे. साडेसहा इंची फोनच्या पडद्याच्या मानाने अकरा इंची टॅबलेटचा पडदा क्षेत्रफळाने तिपटीहून मोठा असतो. बालभारतीच्या पुस्तकाचे पान फोनवर पाहायचे तर ते चिमटीने मोठे करीत, डावीकडून उजवीकडे सरकवीत वाचावे लागते. आकृती एकीकडे आणि तिचे स्पष्टीकरण दुसरीकडे, अशी अवस्था होते. टॅबलेटवर सबंध पान एका नजरेत येते. दुसरे काम शिकवणी पाहण्याचे. फळ्यावरचे गणित त्यावर स्पष्ट दिसते. तिसरे काम, सोबत लेखणी असल्यास, हाताने लिहिण्याचे आणि आकृती काढण्याचे. या पलीकडे त्याची सत्ता फारशी चालत नाही. लांबलचक मजकूर टंकलिखित करायचा, हिशेबाचे मोठे तक्ते करायचे, तर कळफलकाचा संगणकच बरा. बोलणे, पैसे पाठविणे, निरोप देणे ही कामे खिशातल्या फोनने होतात. टॅबलेट ही बसून, मांडीवर घेऊन वापरण्याची वस्तू आहे. ज्या घरात बसून वाचणारा कोणी नाही, त्या घरात ती फार तर एक छोटा दूरदर्शन संच होते.

आता आपल्या देशाला या वस्तूचा काय अनुभव आला ते पाहू. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ नावाच्या टॅबलेटचा मोठा गाजावाजा झाला. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता. जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून त्याचे नाव झाले. सात इंची पडदा, आणि तोही दाबल्याशिवाय दाद न देणारा. यंत्र संथ, बॅटरी अपुरी. टीका झाल्यावर सुधारित आवृत्तीचे काम मुंबईच्या आयआयटीकडे आले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ती बाहेर पडली. ती पहिलीपेक्षा पुष्कळच बरी होती. परंतु देशातील विद्यार्थ्यांच्या दप्तरात ‘आकाश’ पोहोचेल ही जी आशा होती ती सफळ झाली नाही. यातून एक गोष्ट शिकावी. वस्तू कितीही स्वस्त असली तरी ती हातात घेतल्यावर चालत नसेल, तर तिच्यावर खर्चलेला रुपयादेखील महाग पडतो.

दुसरा अनुभव आपल्याच राज्यातला आहे, आणि तो बायकांनी आपल्याला शिकविला आहे. अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या नोंदींसाठी सरकारने मोबाइल दिले होते. ते तापतात, अडतात, त्यांत माहिती मावत नाही, आणि ज्या अॅपवर नोंद करायची ते इंग्रजीत, अशा तक्रारी होऊ लागल्या. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. फुकट मिळालेली वस्तू परत करणे हे सोपे नसते. पण त्या बायांना आपले काम काय आहे हे नेमके ठाऊक होते. बालकाचे वजन लिहायचे आहे, ते मराठीत लिहायचे आहे, आणि आजच लिहायचे आहे. या मापाने त्यांनी यंत्र मोजले आणि ते उणे भरले. वस्तू पारखण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

तिसरे उदाहरण सध्याचे आहे. नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेमार्फत इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विज्ञान शाखेच्या मुलामुलींना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी टॅबलेट, त्याबरोबर रोज ६ जीबी इंटरनेट आणि ऑनलाइन शिकवणी देण्याची योजना राबविण्यात आली. या योजनेचा घाट लक्षात घेण्यासारखा आहे. नुसते यंत्र दिले असे तीत नाही. काम ठरलेले आहे, ते करणारे मूल ठरलेले आहे, आणि काम चालावे म्हणून लागणारी सामग्रीही सोबत आहे. ज्या घरातले मूल अशा योजनेत बसण्याजोगे असेल, त्या घराने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी तिची चौकशी करावी. गावातल्या शिक्षकाला विचारावे, महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर पाहावे.

यंत्र आले म्हणजे विद्या आली, असे मानणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दोन दाखले देतो. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने खेड्यापाड्यांतील मुलांना लाखोंच्या संख्येने छोटे संगणक वाटले. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांत त्याचा परिणाम शास्त्रशुद्ध रीतीने तपासण्यात आला आणि निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचा संगणकाचा वापर वाढला, परंतु गणितात आणि भाषेत फरक पडल्याचे आढळले नाही. दुसरा दाखला वाचनाचा. २०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर पडद्यापेक्षा अधिक समजतो, आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, असे त्यात दिसले. गोष्टी-कथांच्या बाबतीत मात्र असा फरक आढळला नाही. यावरून टॅबलेट वाईट असे ठरत नाही. ज्याच्याजवळ छापील पाठ्यपुस्तक आहे, त्याने तेच पुस्तक वाचण्यासाठी टॅबलेट घेऊ नये, एवढे मात्र ठरते. जे पुस्तक मिळत नाही, जो शिक्षक गावात नाही, जी शिकवणी परवडत नाही, तिच्यासाठी घ्यावा.

हा ‘जे मिळत नाही’ शब्द आपल्या जिल्ह्यात फार मोठा आहे. येथून मुले लातूरला शिकवणीसाठी जातात. तेथे खोली, खानावळ आणि शिकवणीचे शुल्क भरणे प्रत्येकाला कोठे जमते? मग गुणवान मूल घरीच राहते, आणि पुष्कळदा ते मूल मुलगी असते. भावाला लातूरला पाठवितात, बहिणीला म्हणतात, ‘तू इथंच शिक, बाई.’ अशा मुलीच्या हाती एक बरा टॅबलेट आणि त्यात उतरवून ठेवलेली शिकवणी असेल, तर ती लातूरच्या बरोबरीला येईल असे मी म्हणणार नाही. पण तिच्यापुढची वाट सबंध बंद राहणार नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळांना कुलूप लागले तेव्हा आपण काय पाहिले? घरात फोन एक आणि मुले तीन. तो फोन वडिलांबरोबर शेतात. तो प्रथम कोणाच्या हाती जाई आणि कोणाच्या हाती शेवटी, हे येथे बसलेल्या प्रत्येक भगिनीला माहीत आहे. म्हणून टॅबलेट घ्यायचाच असेल, तर तो घरात कोणाचा, हे दुकानात जाण्यापूर्वी चार माणसांत बोलून ठरवावे. सर्वांचा म्हणून आणलेला टॅबलेट सर्वांत धाकट्या मुलाच्या खेळाचा आणि थोरल्या पुरुषाच्या करमणुकीचा होतो. जिच्या नावाने आणला ती स्वयंपाकघरातच राहते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा विचार वेगळा करावा लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मूल आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवले, तर त्याचे शिक्षण टिकण्याची काही आशा. आता समजा उचलीच्या पैशातून अशा मुलाला टॅबलेट घेऊन दिला. स्वस्तातले पुष्कळ टॅबलेट सिमकार्डाशिवाय येतात. त्यांना इंटरनेट हवे तर शेजारी फोन हवा. तो फोन तर आईबापांबरोबर फडात गेला! म्हणजे पाटी घरी आणि पेन्सिल सांगलीला, अशी गत झाली. अशा घराने घ्यायचाच तर सिमकार्ड चालणारा घ्यावा, आणि धडे आधीच उतरवून ठेवावेत. आणि उचल ही मिळकत नसून अंगावरचे कर्ज आहे, ते पुढे कोयत्याने फेडायचे आहे, हेही विसरू नये. वसतिगृहात जागा मिळणार असेल, तर माझ्या मते मुलाला तीच अधिक मोलाची. तेथे दोन वेळचे जेवण, एक जागा, एक दिवा आणि विचारपूस करणारे माणूस मिळते. या चार गोष्टी कोणत्याही पडद्यात मावत नाहीत.

आता प्रत्यक्ष खरेदीचा हिशेब करू. अठरा हजारांचा टॅबलेट तीन वर्षे टिकला असे धरा. महिन्याला पाचशे रुपये झाले. त्यावर महिन्यात पन्नास तास अभ्यास झाला, तर तासाला दहा रुपये पडले. या दरात शिकवणी कोठेही मिळणार नाही. पण महिन्यात दोनच तास अभ्यास झाला, तर तासाला अडीचशे रुपये पडले. त्या भावात शिक्षक घरी येऊन शिकवील. यंत्र तेच, किंमत तीच. स्वस्त-महाग ठरविणारी गोष्ट दुकानात नसून आपल्या दिनक्रमात आहे. मात्र तास मोजताना प्रामाणिकपणा हवा. मालिका पाहण्याचे तास अभ्यासाच्या खात्यावर मांडू नयेत.

हप्त्यांचेही तसेच. ‘शून्य टक्के व्याज’ अशी पाटी पाहून माणूस भुलतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नसते. व्याज कोठेतरी असतेच. कधी ते किमतीत मिसळलेले असते, कधी प्रक्रिया शुल्क म्हणून वेगळे घेतात, तर कधी रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही. म्हणून दुकानदाराला दोनच प्रश्न विचारावेत. आज रोख दिले तर किती? आणि सर्व हप्ते मिळून किती? या दोन आकड्यांतला फरक म्हणजेच व्याज. नाव काहीही असो.

मग हवापाण्याचा विचार. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. अॅपल कंपनी आपला आयपॅड शून्य ते पस्तीस अंश तापमानात वापरावा असे सांगते. इतर टॅबलेटांच्या अंगातही तशीच लिथियमची बॅटरी असते, आणि उष्णतेने तिचे आयुष्य घटते. पत्र्याच्या घरात भरदुपारी पत्र्याखालच्या फळीवर टॅबलेट चार्जिंगला लावून ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य स्वतः कमी करणे होय. काच फुटली तर ती बदलण्याचा खर्च किती, आणि ती अंबाजोगाईत किंवा बीडला बदलून मिळते की छत्रपती संभाजीनगरला जावे लागते, हे घेण्यापूर्वी विचारावे. यंत्राला नव्या सुधारणा किती वर्षे मिळणार हेही विचारावे, कारण त्या थांबल्या की धडधाकट दिसणाऱ्या टॅबलेटवरही काही वर्षांत आवश्यक ती अॅप चालेनाशी होतात. जुना टॅबलेट स्वस्तात मिळाला म्हणून हुरळून जाणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, ‘इतके फाटे फोडू नका, कोणी घ्यावा ते सांगा.’ सांगतो. अकरावी-बारावीचे मूल आहे, त्याची शिकवणी ठरलेली आहे, आणि फोनच्या छोट्या पडद्यावर ते रोज दोन तास डोळे ताणीत आहे, त्या घराने इतर खर्च आवरून घ्यावा. ज्या वडीलधाऱ्यांना वाचनाची आवड आहे पण छापील अक्षर दिसत नाही, त्यांच्यासाठी मुलांनी आनंदाने घ्यावा. मराठी विश्वकोश आणि राज्य मराठी मंडळांनी काढलेली पुष्कळ पुस्तके इंटरनेटवर विनामूल्य मिळतात, आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. ज्या म्हाताऱ्या माणसाचे वाचन डोळ्यांमुळे सुटले होते, त्याला ते परत मिळणे हे लहान सुख नव्हे. ज्या शिक्षकाला वर्गात आकृत्या दाखवायच्या आहेत, त्यानेही घ्यावा.

कोणी घेऊ नये? शेजाऱ्याने घेतला म्हणून कोणी घेऊ नये. रडणाऱ्या पोराला गप्प करायला तर मुळीच घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की एक वर्षाच्या आतील बालकाला पडदा अजिबात दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासापेक्षा अधिक दाखवू नये. आपल्या जवळचा फोन पुरेसा मोठा आहे आणि वाचन दिवसाला दहा मिनिटांचे आहे, अशांनीही घेऊ नये. ज्यांना मनातून खरोखर संगणक हवा आहे, पण टॅबलेट थोडा स्वस्त पडतो म्हणून तो घेतात, त्यांनी तर थांबून पैसे साठवावेत. त्यांना ना हे मिळते ना ते.

आणि ज्यांचा निश्चय होत नाही, त्यांना एक साधा उपाय सांगतो. नातलगाचा किंवा मित्राचा टॅबलेट पंधरा दिवस मागून आणा. रोज रात्री एका कागदावर लिहा की आज तो कोणी, कशासाठी, किती वेळ वापरला. पहिले चार दिवस नवलाईचे, ते सोडून द्या. उरलेल्या अकरा दिवसांचा कागद घरच्या सर्वांनी मिळून वाचा. तो कागद माझ्या व्याख्यानापेक्षा चांगला सल्ला देईल.

याच संदर्भात या सभेपुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना मान्यता व अनुदान मिळू लागले. पुस्तक प्रत्येकाला विकत घेणे परवडत नाही, म्हणून ते दहाजणांनी मिळून वापरावे, हाच वाचनालयाचा विचार. मग टॅबलेटला तो का लावू नये? गावच्या वाचनालयात पाच-सहा टॅबलेट असावेत, त्यांत अकरावी-बारावीचे धडे उतरवलेले असावेत, आणि संध्याकाळी दोन तास मुलींसाठी राखून ठेवलेले असावेत. एका लग्नाच्या मांडवाला जेवढा खर्च होतो त्याच्या अंशात हे होईल. ज्या पंचवीस-तीस घरांनी आज कर्ज काढून टॅबलेट घ्यायचे मनात आणले आहे, त्यांतली निम्मी घरे यामुळे कर्जातून वाचतील.

शेवटी याच भूमीतली एक गोष्ट सांगतो. आपल्या अंबाजोगाईचे दासोपंत सोळाव्या-सतराव्या शतकांत होऊन गेले. त्यांची पासोडी आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवितो. पंचीकरणाचा गहन विषय त्यांनी लांबच लांब कापडावर आकृत्यांसह लिहून काढला. त्या काळी कागद नव्हता असे नाही, पोथ्या लिहिल्या जातच होत्या. परंतु सबंध विषय एकत्र पसरून डोळ्यांपुढे आणायचा, तर पोथीचे पान अपुरे पडते. कामाने पृष्ठभाग मागितला, आणि त्याला साजेसा पृष्ठभाग दासोपंतांनी शोधला. नव्या पाटीकडेही आपण याच दृष्टीने पाहावे. आपल्या घरात असे एखादे काम अडले आहे काय, की ज्याला आजचे पान अपुरे पडते? अडले असेल, तर पैशाकडे पाहून फार कचरू नये. अडले नसेल, तर ते पैसे एखाद्या मुलीच्या खानावळीसाठी, बसच्या पाससाठी, चष्म्यासाठी ठेवावेत. त्यांचाही उपयोग विद्येलाच होईल.